नळाला नाही, नळदुर्गला आहे!

"नर-मादी चालू झाले!" सासऱ्यांनी भर बैठकीत, चारचौघांसमोर, हे वाक्य खणखणीत आवाजात म्हणावं आणि सासूबाईंनी लाजण्याऐवजी "अगंबाई, कधीपासून? आणि आपण अजून घरीच?" असं विचारावं! पुण्याहून नव्यानंच सोलापुरात आलेल्या सुनेनं काय समजायचं? बिचारी गडबडून आत जाते, नवऱ्याला फोन लावते, तर तोही तिकडून त्याच उत्साहात ओरडतो, "कळलं, कळलं! मी हाफ डे टाकलाय!"

घाबरू नको, सूनबाई. घराणं सभ्य आहे. नर आणि मादी हे नळदुर्गच्या किल्ल्यातले दोन धबधबे आहेत. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं पंचेचाळीसेक किलोमीटर. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. वरचं बोरी धरण भरून सांडायला लागलं की बोरी नदी किल्ल्याच्या पोटात शिरते आणि तिथल्या जुन्या बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून धडाधड खाली येते. एका सांडव्याचं नाव नर, दुसऱ्याचं मादी. दांडगा तो नर, असं गाडीतली पुरुषमंडळी छातीवर हात ठेवून सांगतात. आमच्या गल्लीतल्या अक्का लगेच विचारतात, "ज्याचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू जातो तो नर होय? मग एरवी घरात आमच्या आवाजाला का नावं ठेवता?" हा तंटा जाताना रंगतो आणि येताना सगळे ओले, भुकेले, गप्प असतात.

तर मूळ बातमी अशी की सोलापूरकरांना धबधब्याचं वेड लागलंय. साधंसुधं नाही, चांगलं अंगात आल्यासारखं. बोरी धरण भरत आल्याची बातमी पेपरात कोपऱ्यात येते. हवामान खातं काय म्हणतं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की नाही एवढंच बोला. नळदुर्गात कुणाची मावसबहीण दिलेली असेल तर तिला त्या आठवड्यात फोनवर फोन. एरवी दिवाळीलासुद्धा तिची आठवण होत नाही. मग शनिवारी संध्याकाळी फोनवर पहिला व्हिडिओ फिरतो: पंधरा सेकंद नुसता फेस आणि मागून कुणीतरी "लई भारी बे!" म्हणतोय. संपलं. रविवारी सकाळी सात रस्त्यावर कुणालाही थांबवून विचारा, "कुठं जाऊलालास बे?" उत्तर एकच. एका पेन्शनर अण्णांनी म्हणे वर्षश्राद्धाच्या जेवणाची वेळ अलीकडे घेतली, गुरुजींनीही हरकत घेतली नाही, आणि साडेअकराला अण्णा व गुरुजी एकाच गाडीतून हैदराबाद रस्त्याला लागले. ऐकीव गोष्ट आहे. पण आमचा विश्वास बसला.

आता यात लाज वाटण्यासारखं काय, असं विचाराल. तेच तर सांगतोय! ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या गावानं डिझेल जाळून पाणी पडताना बघायला जायचं? शोभतं का हे? घरी पाण्याचा दिवस असला की पहाटे चारला उठून पिंप, घागरी, बादल्या, प्रसंगी कुकरसुद्धा भरून ठेवणारी बाई तिथं जाते आणि नदीभर पाणी फुकट वाहून जाताना बघून "अय्या, किती छान!" म्हणते. एक थेंब कुणी भरून आणत नाही. पिण्याचं पाणीही येताना बाटलीतलं, विकत घेतलेलं.

सोलापूरच्या वाट्याला वर्षाकाठी पाऊस येतो साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिकडे आंबोलीत पावसाळ्यात सात-सात हजार मिलिमीटर कोसळतो, म्हणून आंबोलीकरांना धबधब्याचं कौतुक नाही. ते छत्री दुरुस्त करत बसतात. आमच्याकडं मात्र पाणी हा आकड्यांचा विषय. इतर गावांत सकाळी सोन्याचा भाव विचारतात, आम्ही उजनी धरणाची टक्केवारी विचारतो. तीही शाळेत न शिकवलेल्या गणितातली, शून्याच्या खाली जाणारी. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठीच्या घरात उतरली होती आणि त्याच ऑगस्टात भरूनही गेली. भरली तीसुद्धा आमच्या पावसानं नाही, पुण्याकडच्या घाटावर झालेल्या पावसानं. म्हणजे प्यायचं पाणी पुणेकरांच्या ढगातून, आणि बघायचं पाणी धाराशिवकरांच्या नदीतून. स्वतःचं असं आमच्याकडं उरलं काय तर ऊन आणि चादरी.

उगाच अतिशयोक्ती नको. हिप्परग्याचा एकरुख तलाव आमचा आहे, अदिला नदीवर इंग्रजांनी १८७१ मध्ये पुरा केलेला. सिद्धेश्वराचा तलाव आहे, कंबर तलाव आहे. पण तलाव म्हणजे पाणी पडून राहिलेलं. सोलापूरच्या सपाटीवर पाण्याला कोसळायला जागाच नाही. डोंगर नाही, कडा नाही; गावातला सगळ्यात मोठा उतार कुठला म्हणाल तर रेल्वेच्या पुलाचा. अशा गावच्या माणसाला पडतं पाणी दिसलं तर त्याचं डोकं फिरणार नाही तर काय? शिवाय नर-मादींचा भरवसा नाही. कमी पावसाच्या वर्षी बोरी धरण भरतच नाही आणि दोन्ही सांडवे कोरडे ठाक, उघडे दगड घेऊन बसतात. कोल्हापूर-साताऱ्याच्या माणसाला धबधबा पुढच्या रविवारीही सापडतो. आम्हाला आत्ताच्या आत्ता जावं लागतं. वेडामागचं खरं कारण हे आहे.

तर निघतात. एका दुचाकीवर किती माणसं बसू शकतात याचं उत्तर परिवहन खात्यानं बोरामणीच्या पुढं उभं राहून स्वतः बघावं. चारचाकीत डिकीसकट नऊ. कपडे काय विचारता! पाण्यात भिजायला चाललेला माणूस पांढरा झब्बा कशाला घालेल? घालतो, कारण फोटोत पांढरं उठून दिसतं. आभाळ भरून आलेलं आणि डोळ्यांवर काळा गॉगल. बायकांच्या हातात डबे: धपाटे, दही, शेंगाचटणी, आणि कडक भाकरी, जी पावसात भिजली तरी हार मानत नाही. नव्या पिढीला नळदुर्गच्या फाट्यावरची भजीच पाहिजेत. म्हणून दोन्ही खाल्लं जातं.

आणि नळदुर्गची ओढ फक्त माणसांनाच आहे असं समजू नका. शेजारच्या अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात मुक्कामाला येतो. दोन गावांनी मिळून एकच मूर्ती वाटून घेतलेली, रीतसर, ठरल्या करारानं. देव मात्र आपला थंडीत येतो, पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास. पावसाळ्यातल्या आमच्या गर्दीत सापडायचं नाही हे त्यालाही कळत असणार.

आता मुख्य बोभाटा ऐका. इतकी वर्षं ज्याला आपण धबधबा धबधबा म्हणून नाचतो, तो धबधबा नाहीच! ते धरण आहे. माणसानं बांधलेलं, दगड-चुन्याचं. हे म्हणजे एखाद्या नटीच्या केसांवर गाव लट्टू व्हावं आणि नंतर कळावं की तो टोप आहे. फरक एवढाच की हा टोप चारशे वर्षं टिकलाय.

बांधून घेतलं विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहानं, १६१३ मध्ये. मीर इमादीन नावाच्या स्थपतीचं हे काम. इब्राहीम म्हणजे तोच, गाण्याबजावण्यात बुडालेला, ज्याला लोक जगद्गुरू म्हणत. आता घरगुती भाग सांगतो, सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा. या इब्राहीमची काकू म्हणजे चांदबीबी. आणि चांदबीबीचं लग्न विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाशी झालं तेव्हा अहमदनगरच्या बापानं तिला हुंड्यात काय दिलं? सोलापूरचा किल्ला! अख्खा! लोक रुखवतात भांडी मांडतात, हुसेन निजामशहानं किल्ला मांडला. पुढं त्या हुंड्यावरून दोन्ही घराण्यांची किती वर्षं जुंपली, ते कुठल्याही मराठी लग्नघराला समजावून सांगायची गरज नाही. तर त्या काकूच्या पुतण्यानं नळदुर्गला जे केलं ते बघा.

नळदुर्गचा मुख्य किल्ला एका बाजूला आणि रणमंडळ नावाचा जोडकिल्ला दुसऱ्या बाजूला. मधून बोरी वाहते. या दोघांच्या मध्ये त्यानं भक्कम बंधारा घातला. म्हणजे एका दगडात दोन पक्षी: पाणी अडलं आणि दोन्ही किल्ले जोडले गेले. शत्रूला खंदक, आतल्यांना पिण्याचं पाणी. एवढ्यावर थांबला असता तर त्याला आपण चांगला इंजिनिअर म्हटलं असतं. पण गाणं ऐकणारा राजा! बंधाऱ्याच्या पोटातच त्यानं महाल काढवला. पाणीमहाल. बंधाऱ्यावरून जिन्यानं खाली उतरायचं, अंधारातून वळायचं, आणि एकदम नक्षीदार कमानींचा सज्जा. पाठीमागं भिंतीपलीकडं तुंबलेली नदी, दोन बाजूंना सांडव्यांवरून कोसळणारं पाणी, समोर तुषारांचं धुकं. आणि तुम्ही कोरडे! डोक्यावरून नदी चालली आहे आणि अंगावर थेंब नाही. पाणी कुठून आणि किती जाईल, तुषार कुठवर येतील, बघणारा कुठं बसेल, त्याची नजर कुठं जाईल, सगळं हिशेबानं. आमच्या नवीन बांधलेल्या गच्च्या दुसऱ्या पावसाळ्यात गळतात हो. मग ठेकेदाराचा फोन लागत नाही.

मेडोज टेलर या इंग्रज साहेबालाही नळदुर्गनं असंच धरून ठेवलं होतं. तोच टेलर, ज्यानं ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहून विलायतेत खळबळ उडवली. १८५३ मध्ये निजामानं काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, त्यात नळदुर्गचा जिल्हा टेलरच्या वाट्याला आला. तो किल्ल्यात राहिला, कारभार केला आणि आत्मचरित्रात त्या किल्ल्याबद्दल जीव लावून लिहिलं. साहेबानं फोटो काढले नाहीत, स्टेटस ठेवला नाही, तरी लोकांना कळलं तो जाऊन आला होता ते.

आणि आमची मंडळी काय करतात? चारशे वर्षांपूर्वी एका राजानं तुमच्यासाठी खास बैठक करून ठेवली आहे. बसा, बघा. पण नाही! "पाणीमहालातून काय बघायचं, सगळेच बघतात. पायथ्याला जाऊ!" हा पायथा म्हणजे या वेडाचं सगळ्यात पुढचं, बळावलेलं लक्षण. धबधबा लांबून बघितला तर तो बघितल्यात जमा नाही. तो जिथं आपटतो तिथं जाऊन उभं राहिलं पाहिजे. पूर्वी माणसं विचारायची, "किल्ला बघितला का?" आता विचारतात, "खाली गेलता का?" नाही म्हणालात की समोरचा अशा दयेनं बघतो, जणू तुम्ही लग्नाला जाऊन न जेवता परत आलात.

बरं, खाली जाऊन तरी काय करतात? धबधब्याकडं पाठ! खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. इतका आटापिटा करून, शेवाळलेल्या दगडांवरून घसरत, चपला हातात घेऊन, पोरांना काखोटीला मारून माणूस पाण्यासमोर पोचतो आणि पहिल्या क्षणाला गर्रकन वळून कॅमेऱ्याकडं तोंड करतो. दात काढतो. दोन बोटं वर करतो. मग दुसऱ्याची पाळी. चाळीस मिनिटं तिथं घालवून एखाद्याला विचारा, नराची धार जाड होती की मादीची? "थांबा, फोटोत बघून सांगतो." आता मला सांगा, पाण्याकडं पाठ करून उभं राहायचं तर ते घरच्या मोरीतही जमलं असतं. तेही पाण्याच्या दिवशी.

आमच्या अक्कांना हे सगळं बिलकूल मंजूर नाही. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती," त्या म्हणतात. म्हणून आम्ही जरा खोदून विचारलं. तर निघालं असं की अक्का तरुणपणी कपिलधारला गेल्या होत्या. बीडजवळ मांजरसुंब्याच्या डोंगरात मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिकात मोठी यात्रा भरते, आपल्याकडचे शिवाचार्य आणि दिंड्या चालत जातात. पायऱ्या उतरून खाली गेलं की धबधबा. "मग अक्का, धारेखाली उभ्या राहिलात का?" "अगं, ते तीर्थ! तिथं उभं राहायचंच असतं." "किती वेळ?" "मामांनी हाक मारीपर्यंत." "आणि मामांनी किती वेळानं हाक मारली?" "ते स्वतःच शेजारच्या धारेखाली होते की!" झालं. म्हणजे वेड जुनंच आहे. फक्त आधी त्याला पुण्य लागायचं, आता त्याला लाईक लागतात.

येडशीच्या रामलिंगचीही तीच कथा. देवळाला वळसा घालून ओढा जातो, पावसाळ्यात पाठीमागं पाणी उडी मारतं. रावणाशी झुंजून जटायू इथंच पडला आणि रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, असं तिथं सांगतात. त्या पाण्यात आता ब्लूटूथवर गाणी लावून जी मंडळी नाचतात, त्यांना बघून जटायूनं काय म्हटलं असतं ते नको. तिथली माकडं मात्र शहाणी. नाच संपेपर्यंत ती शांतपणे तुमची पिशवी तपासतात. पाटोद्याकडच्या सौताड्यालाही लोक जातात. विंचरणा नदी कड्यावरून खाली दरीत पडते, तिच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ. तिथं पायथ्याला जायला बांधलेल्या पायऱ्या आहेत, कारण देवच खाली बसलाय. उतरताना सगळे "हर हर महादेव", चढताना फक्त "हर हर".

आमच्यातले काही धाडसी आता सीमा ओलांडायला लागलेत. गोकाक तर जुनंच. घटप्रभा तिथं बावन्न मीटर खाली झेपावते आणि वर झुलता पूल. गोकाकवाल्यांनी १८८७ मध्येच त्या पाण्याच्या जोरावर गिरणी चालवली. गिरणगाव म्हणून मिरवलेल्या सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट जरा लागते. आमच्या गिरण्यांच्या चिमण्या गेल्या, पाणी तर नव्हतंच. आता २०२५ च्या जूनपासून सोलापूर-गोवा विमानही सुरू झालं, म्हणून होटगी रोडवरून उडून दूधसागर गाठायची भाषा ऐकू येते. दूधसागरचा किस्सा ठाऊक आहे ना? जुलै २०२३ मधली गोष्ट. पावसाळी गर्दीनं हद्द केली, शेकडो पोरं रेल्वेच्या रुळांवरून चालत धबधब्याकडं निघाली. रेल्वे पोलिसांनी अडवलं आणि रुळांच्या बाजूला रांगेत उभं करून चक्क उठाबशा काढायला लावल्या! पदवीधर, नोकरदार, महागडे बूट घातलेले. कान धरून वर-खाली. तो व्हिडिओ धबधब्यापेक्षा जास्त लोकांनी बघितला. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मानानं उठाबशा म्हणजे घाऊक सवलत. आणि रेल्वेनं लोकांना विनंती काय केली? दूधसागरचं सौंदर्य डब्यात बसून बघा! म्हणजे बघा, मीर इमादीननं १६१३ मध्ये जे सांगितलं तेच दक्षिण-पश्चिम रेल्वेनं २०२३ मध्ये सांगितलं. बसून बघा. ऐकलं कुणी नाही.

इथपर्यंत थट्टा. पण पायथ्याच्या या हट्टाची दुसरी बाजू ३० जून २०२४ ला सगळ्या महाराष्ट्रानं फोनवर बघितली. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं मध्यभागी दगडावर एकमेकांना धरून उभी होती, आणि पाण्याचा लोट वाढत गेला. पाच जण गेले, त्यात लहान मुलंही होती. काठावर माणसं होती, कुणाला काही करता आलं नाही. त्यानंतर पुणे जिल्ह्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघाले, सेल्फी काढू नका असे फलक लागले. त्या फलकांसमोर उभं राहूनही लोकांनी फोटो काढले असतील, काय सांगावं.

पाणी कसं फसवतं ते जरा ऐका, कारण आम्हा सपाटीच्या माणसांना पाण्याची भाषा येत नाही. कोकणातल्या पोराला आजोबा शिकवतात, आम्हाला कोण शिकवणार? तुम्ही उभे आहात तिथं ऊन असतं, पाऊस वीस-पंचवीस किलोमीटर मागं झालेला असतो. ते पाणी तुमच्याकडं यायला वेळ लागतो आणि येतं तेव्हा सांगून येत नाही. स्वच्छ धार अचानक गढूळली, पालापाचोळा-काटक्या वाहत यायला लागल्या, आवाजाचा सूर जाड झाला, की फोटो अर्धा ठेवून वर यायचं. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळं पोहता येणारा माणूसही त्यात नीट तरंगत नाही. सिद्धेश्वर तलावात शिकलेलं पोहणं तिथं उपयोगी पडत नाही. वरून पाण्याबरोबर दगड आणि लाकडंही येतात. आणि नळदुर्गला तर वर धरण आहे. किती पाणी सांडेल ते वरचा पाऊस ठरवतो, तुमचा रविवार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी घराघरांत शिरलं, रस्ते बंद पडले, तेव्हा पाणी काय करू शकतं ते आपल्याच जिल्ह्यानं बघितलं. त्या वेळीही पुलावर मोबाईल उंचावून उभे राहिलेले बघे होतेच.

शेजारच्या अक्कलकोटकरांना विचारा, त्यांना या आमच्या जत्रेबद्दल काय वाटतं. नळदुर्गला आपल्या डोळ्यांसमोरून जे पाणी जातं ते वाया जात नाही. बोरी पुढं अक्कलकोट तालुक्यात जाते, तिथं कुरनूर धरणात साठते आणि त्यावर अक्कलकोटची तहान भागते. म्हणजे आपला देखावा ही त्यांची पुढच्या उन्हाळ्याची घागर आहे. त्या घागरीत आपण काय काय टाकून येतो याची यादी इथं देत नाही. भजीच्या कागदापासून सुरू होते आणि लहान बाळांच्या वस्तूंवरही थांबत नाही. स्वामींच्या दर्शनाला पुढच्या गुरुवारी जाल, तेव्हा तिथल्या पेल्यातलं पाणी पिताना हे आठवलं तर बरं.

किल्ल्याचं मात्र बरं चाललंय. दहाएक वर्षांपूर्वी सरकारच्या स्मारक सांभाळण्याच्या योजनेत सोलापूरच्याच एका कंपनीनं तो हातात घेतला. झाडी काढली, बाग केली, लोकांना यावंसं वाटेल असं केलं. त्यामुळंच गर्दी वाढली असंही म्हणणारे आहेत. पण गर्दी झाली म्हणून तरी उपळ्या बुरुजावर चार माणसं चढतात, तोफांना हात लावतात, नऊ पाकळ्यांचा बुरूज मोजून बघतात. धबधबा नसता तर सोलापूरकर एखाद्या किल्ल्यासाठी रविवार खर्चणार होता होय? आमचा स्वतःचा भुईकोट गावाच्या मधोमध आहे. शेवटचे आत कधी गेला होतात?

आमचा निकाल असा आहे. सासरेबुवांना सोडा, त्यांचं वेड योग्य आहे. सूनबाईंनी जरूर जावं. पाणीमहालात जायला सोडत असतील तर आधी तिथं उतरावं, फोन पर्समध्ये ठेवावा आणि पाण्याकडं तोंड करून बसावं. पायथ्याला जायचा आग्रह नवऱ्यानं धरला तर त्याला उठाबशांचा व्हिडिओ दाखवावा. पाणी जास्त आहे म्हणून खाली सोडत नसतील तर रखवालदाराशी हुज्जत घालू नये, त्याला आमच्यापेक्षा बोरी जास्त कळते. कचरा परत आणावा. आणि दिवस नीट निवडावा. मंगळवार-शुक्रवारी तुळजापूरच्या भाविकांची रहदारी असते. बुधवारी जा. रविवारी तिथं आम्ही असतो.